बारकीचा एडिटर

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त लेखीच. वाकायचं काय ते समक्ष भेटीत बघू.) तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? भावजींचा खोकला गेला का, की अजून ऑफिसातून त्यांच्याबरोबर घरी येतो? धाकटा अभ्यास करतो का, हे विचारून तुला लाजवत नाही. मी इकडे बरा आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात एका धक्क्यातून सावरतो न सावरतो तोच दुसरा बसतो आहे.

आधी मुद्द्याचं. 'तुझी पोरगी एडिटरच्या नादी लागली आहे, लगेच ये' हा जो निरोप मी तुला फोनवर धाडला, तो वाचलाच नाहीस असं समज. त्यावर तुझं 'रविवारी न्यायला येते, सामान बांधून ठेव' हे उत्तर वाचलं आणि तडक हे पत्र लिहायला बसलो. भावजी आपल्या ऑफिसात तिच्यासाठी खुर्ची धरून बसलेत हे काय मला ठाऊक नाही? त्या खुर्चीत एकदा बसली की पोरगी निवृत्त होऊनच उठेल. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच आणि रविवारचं येणं रद्द कर. (फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.)

झालं असं, की तुझी बारकी माझ्याकडे राहून आमच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावायला शिकते आहे, तशी शिकतच होती. एके दिवशी ती बाल्कनीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती आणि मी (मुद्दाम नव्हे, कपडे वाळत घालत होतो) ऐकलं. म्हणाली, मला एक एडिटर मिळालाय. दिसायला अगदीच साधा, पण ताकद विचारू नकोस. पहिल्यांदा त्याच्यातून बाहेर कसं पडायचं तेच कळेना, आता सोडवत नाही. शिवाय मुक्त आहे, कुणाला बांधलेला नाही. ताई, माझ्या हातातला टॉवेल खालच्या मजल्यावर गेला. मुद्रितं तपासण्यात माझी हयात गेली; एडिटर म्हटल्यावर मला माणूसच दिसणार. आणि आमच्या छापखान्यात येणारा एडिटर एकच, आमच्याकडे छापल्या जाणाऱ्या साप्ताहिकाचा. अविवाहित, मिशीला कलप, दिसायला अगदीच साधा. सगळं जुळलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला छापखान्याच्या दारातच गाठला आणि वडिलकीच्या नात्याने सांगितलं, की तुमची ताकद तुमच्यापाशी ठेवा, आमची मुलगी अजून लहान आहे. तो असा काही पांढरा पडला की मला वाटलं चोर सापडला. आता त्याची मुद्रितं शिपाई घेऊन येतो. तो स्वतः समोरच्या फुटपाथवरून जातो आणि मान वर करत नाही. बारकीला हे कळलं तेव्हा ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली आणि मला ओढत कॉम्प्युटरपाशी घेऊन गेली. हा माझा एडिटर, म्हणाली. माणूस नव्हेच, कॉम्प्युटरमधला एक प्रोग्रॅम. काळा पडदा. बटणं नाहीत, चित्रं नाहीत, काही नाही. नुसता मजकूर लिहायचा आणि सुधारायचा. मी खुर्चीत बसलो तो बराच वेळ उठलोच नाही.

'मुक्त'चाही खुलासा विचारला. मी म्हटलं, म्हणजे फुकट ना? आणि फुकट मिळतं त्यात खोट असते. तर तिने मला असं काही झापलं, अगदी तुझ्यासारखं. फुकट आहे हे खरं, पण मुद्दा तो नाही म्हणे. मुक्त म्हणजे आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं, बदललेलं चार जणांना वाटता येतं. मी हबकलो. आजवर इतक्या लेखकांच्या चुका काढल्या, पण एकानेही मला आत हात घालू दिला नाही. उलट एक वेलांटी सुधारली तरी तोंड फिरवायचे.

त्याच आठवड्यात आमच्या मालकांनी विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरने, मुदत संपली म्हणून, एका रिटायर्ड हेडमास्तरांचं आत्मचरित्र उघडायला साफ नकार दिला. मालक कपाळाला हात लावून बसले. बारकीने आपल्याकडची मजकुराची प्रत काढली आणि सगळं काम आपल्या मुक्त पसाऱ्यात नेलं. आता हेडमास्तरांची अट अशी, की 'पण' हा शब्द फार घरगुती वाटतो, सगळीकडे 'परंतु' करा. मी लाल पेन काढलं. बारकी म्हणाली, मामा, एका ओळीचा हुकूम दिला की झालं, चहा घेऊन येते आणि दाखवते. तिला असले हुकूम देताना मी पाहिलं होतं. म्हटलं, आपण काय कमी आहोत? दिला हुकूम.

ताई, एडिटरने माझं तंतोतंत ऐकलं. जिथे जिथे 'पण' अशी अक्षरं होती तिथे तिथे त्याने 'परंतु' घातलं, मग ती कुठल्या का शब्दाच्या पोटात असेनात. पहिल्या प्रकरणाचं नाव झालं 'माझे बालपरंतु'. शेवटच्याचं 'म्हातारपरंतु'. हेडमास्तरांचे पणजोबा परंतुजोबा झाले. आणि पहिल्याच पानावर, 'माझ्या सुस्वभावी पत्नीस अर्परंतु'. तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं. हेडमास्तर स्वतः. ते वाकून अर्पणपत्रिका वाचत होते. चष्मा पुसून त्यांनी ती पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाले, हे तसं अगदीच खोटं नाही.

बारकी चहा घेऊन आली, कप ठेवला, एक कळ दाबली. सगळे परंतु गेले, सगळे पण जागेवर. मग तिने पुन्हा हुकूम दिला, पण एडिटरला बजावून, की सुटा शब्द असेल तरच हात लाव. पुस्तक छापून गेलं. (तुला धाडलेला निरोप असा मागे घेता येतो का, हे मी तिला विचारलं. नाही म्हणाली.)

आता खरा धक्का ऐक. त्या एडिटरच्या मराठी सूचनांमध्ये तिला 'नाहि' असं ऱ्हस्व सापडलं. तिने दुरुस्ती करून, तो एडिटर जे कोण लोक सांभाळतात त्यांना पाठवली. कुठले कुठले लोक, कधी पाहिलेले नाहीत. त्यांनी ही कोण, कुणाची, किती शिकली, वडील काय करतात, काही म्हणता काही विचारलं नाही. दुरुस्ती बरोबर आहे एवढं पाहिलं, घेतली आणि वर आभार मानले. आभार, ताई. ते वाचून मला रडू आलं, उगाच कशाला लपवू. मग त्यांनी तिला बाकीचंही तपासशील का विचारलं, आणि आता ती नवशिक्या मुलांसाठी सोपे धडे लिहिते आहे. धाकट्यालाही त्यातला पहिला धडा दे. नुसता खेळू दे, चुकू दे. चुकला तर ती कळ आहेच.

अशा मुलीला तू खुर्चीत नेऊन बसवणार? तिला मोकळी सोड. तिचं तिला ठरवू दे. भावजींना नमस्कार सांग आणि हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखव.

तुझा भाऊ

ता. क. – तुमच्याकडचा जुना कॉम्प्युटर, ज्यावर तू झाकण घालून कुंडी ठेवली आहेस, तो पाठवून दे. बारकी म्हणते त्यावर हे सगळं उत्तम चालेल. मला स्वतःसाठी हवा आहे.

आणखी ता. क. – बारकीने आत्ता हे पत्र वाचलं. म्हणते, आईला सगळं पहिल्यापासून माहीत आहे आणि माझा निरोप वाचून आई पोट धरून हसली. तू रविवारी येणार ती तिला ऑफिसात न्यायला नव्हेच. ते धडे वाचून त्या एडिटरवाल्या लोकांनी तिला दूरच्या गावी नवशिक्यांना शिकवायला बोलावलंय आणि तू तिला पोचवायला जाणार आहेस. हे मला कुणी सांगायचं? मोकळी सोड वगैरे मी लिहिलं ते खरं, पण इतकी नव्हे. भावजींची ती खुर्ची अजून रिकामी असेल तर बघ ना गं. तुमचं गाव निदान जवळ आहे, सुट्टीला तरी येईल. तिने त्या लोकांना लिहिलेलं होकाराचं उत्तर मला तपासायला दिलं. पुन्हा पुन्हा वाचलं, एखादी चूक सापडली असती तर थोडं लांबलं असतं. काहीच सापडेना, तेव्हा मी एक स्वल्पविराम काढला. तिने तो परत घातला, आणि तिचंच बरोबर होतं.