दुबईतला डाळीचा स्टॉल

३ फेब्रुवारी
माझं नाव लागलं! कडधान्य व्यापारी संघ दुबईच्या मेळ्यात स्टॉल टाकतोय — आपली तूर, मूग, राजमा तिकडच्या लोकांनी खावा म्हणून. रांधायला केजच्या आमच्या बचत गटातल्या दोघी, विमलबाई आणि मी. बाया म्हणाल्या, तरन्नुमचं नशीब उघडलं. मला डाळीचं काय! मुस्तकीम तिथं हाय.

६ फेब्रुवारी
नवऱ्याचा शेवटचा फोन बकरीदला. ‘इथं लई ऊन हाय,’ म्हणाला. मग नंबरच बंद. सासू अजून सगळ्यांना सांगते, पोरगा दुबईत गॅरेजात हाय. लेक शहजादी शाळेत तेच सांगते. माझा पासपोर्ट त्यानंच काढायला लावलता — तुला बोलावून घेतो म्हणून. तीन वर्षं पेटीत पडून होता.

११ फेब्रुवारी
संघाचे सचिव अजिनाथ सर चव बघायला आले. तिखट कमी करा, म्हणाले. माणूस खाऊन खूश झाला तर आपली पोती तिकडं जातील, म्हणून हसून वाढायचं. घरी आरशासमोर हसून बघितलं. जमेना.

१७ फेब्रुवारी, दुबई
मोठमोठे साहेब उभ्यानं घुगऱ्या खातात, परत मागतात. मी वाढते आणि झाडणाऱ्यांची, ओझी उचलणाऱ्यांची तोंडं बघते. प्रत्येक पाठमोरा तोच वाटतो. एकाला हाकसुद्धा मारली. त्यानं वळून बघितलं — कुणीतरी भलताच.

१८ फेब्रुवारी
सिरसाळ्याचा नबी इथं मुस्तकीमच्याच खोलीत राहायचा. त्याच्या आईकडून नंबर आणलाय. दिवसभर लावला, उचलत न्हाई. मी जाऊन शोधते म्हटलं तर सर म्हणाले, तुमची जबाबदारी माझ्यावर हाय, बाहेर एकटीनं जायचं न्हाई. विमलबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. डाळ खाली लागली.
संध्याकाळी नबीचाच फोन. उद्या गेटवर येतो म्हणाला.

१९ फेब्रुवारी
नबी आला. माझ्याकडं बघेना.
‘वहिनी, मुस्तकीम इथं न्हाई. गेल्या रमजानच्या आधीच मुलकात गेला. पुण्यात हाय, चिंचवडला. मला कसम घातलती.’
म्हणजे बकरीदचं ते ऊन पुण्यातलं!
एकटाच हाय का, विचारलं. तो खिशात कागद शोधायला लागला. पुन्हा विचारलं. मग म्हणाला, ‘दुसरं घर केलंय त्यानं तिथं.’
गॅरेजचं नाव लिहून दिलं आणि गेला. मी पाय ओढत स्टॉलवर आले. समोर लोक उभे. वाढत राहिले.

२० फेब्रुवारी
न्हाई लिहवत.

२१ फेब्रुवारी
तुर्कस्तानच्या व्यापाऱ्यानं पोत्यांनी राजमा मागितला. सरांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. मीपण वाजवल्या. शहजादीचा फोन आला — ‘अब्बा भेटले का?’ काम लई हाय म्हणून ठेवून दिला. किती दिवस ठेवणार? सासूला काय तोंड दाखवू? परतीचं विमान पोचूच नये असं वाटतं.

२३ फेब्रुवारी
मुंबईहून बस. पुण्यात उतरले. विमलबाई म्हणाल्या, मी येते. नको म्हटलं.
गॅरेज सापडलं. तो एका गाडीखाली आडवा पडून काम करत होता. नाव घेतलं तसा बाहेर आला. तोंड पांढरं पडलं. तू इथं कुठून, म्हणाला.
मी म्हटलं, ‘दुबईहून.’