सादरकर्ता क्रमांक ७७०४

३ मार्च, सकाळी ९.२०

नवी वही. जुनी फेकून मारली तेव्हा तिची पानं सुटली. कोणाला मारली ते महत्त्वाचं नाही. लागली नाही.

संकल्प पहिला: राग बंद. मी मुळात शांत माणूस आहे. लोकांना ते कळायचं तेवढं राहिलंय.

संकल्प दुसरा: नोकरी कायम करून घेणे. कंत्राट ३० जूनला संपतं. लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या आहेत की प्रथिन क्रमांक ३१७ सिद्ध झालं की माझा कागद वर पाठवतील. म्हणजे झालंच.

३१७ माझं आहे. गाळात राहणाऱ्या एका जिवाणूच्या जीनोममधून मी ते आठ महिन्यांपूर्वी कम्प्युटरवर शोधून काढलं. डेटाबेसमध्ये त्याचं नाव स्वच्छ लिहिलंय: शेजारघातक विष. हा जिवाणू शेजाऱ्याला भाल्यासारखं काहीतरी खुपसतो, हे विष आत सोडतो, आणि शेजारी फुटून मरतो. त्यांच्याकडे अशा कत्तली रोज चालतात. कोणी लेखी खुलासा मागत नाही.

७ मार्च, दुपारी

निकाल आला. मौनीने आणला. मौनी म्हणजे शेजारच्या टेबलावरचा. काचेच्या बशीत जिवाणू वाढवायचं काम त्याचं, कम्प्युटर माझा. दिवसाला सात-आठ वाक्यं बोलतो. अकरा वर्षांपूर्वी जुन्या लॅबमध्येही हाच माझ्या शेजारी होता. एकेकाचं नशीब.

त्याने शेजारच्या जिवाणूंना ३१७ पाजलं. मेले नाहीत. वाढले. दुपटीने. चकाकत होते मेले. म्हणजे न मेलेले.

मौनी म्हणाला की हे विष नसावं, साखर वाहून नेणारं काहीतरी साधं असावं. मारेकरी म्हणून ठेवला तो आचारी निघाला, असं त्याचं म्हणणं. आठ महिने!

माउस भिंतीवर फेकला. भिंतीच्या आधी मॅडम होत्या.

७ मार्च, संध्याकाळी ५

मॅडमच्या कपाळावर टेंगूळ. मोठं नाही. माझ्या मते थोडं आधीपासूनच असावं. तरी लेखी ताकीद मिळाली. असा आणखी एक प्रकार घडला तर समिती बसेल, आणि समिती बसली की जूनचं विसरायचं, असं त्या कपाळाला बर्फ लावून म्हणाल्या.

संकल्प: फेकायच्या वस्तू टेबलावर ठेवायच्या नाहीत. माउस तारेचा घेणे.

१० मार्च

चूक माझी नाही, हे आज शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केलं.

नवीन प्रथिन सापडलं की प्रोग्राम डेटाबेसमध्ये त्याच्यासारखं दिसणारं जुनं प्रथिन शोधतो आणि त्याचं नाव याला चिकटवतो. शेजारघातक विष हे नाव ४,२१६ ठिकाणी आहे. चार हजार लोक खोटं बोलतील का, असं मी मॅडमना परवाच विचारणार होतो. पण त्या कपाळ धरून बसल्या होत्या.

आज एकेक नोंद उघडली. प्रत्येकीत पुराव्याच्या रकान्यात एकच: अमक्याशी साम्यावरून. तो अमका तमक्याशी साम्यावरून. दिवसभर मागे मागे जात राहिलो. ४,२१६ वाटा एकाच दाराशी आल्या. एकच मूळ नोंद. अकरा वर्षं जुनी. तिथे पुराव्याचा रकाना कोरा. कोणा महाभागाने मनाला येईल ते नाव ठोकून दिलं आणि सगळं जग त्याची नक्कल करत बसलं. नाव गुप्त. फक्त एवढंच: सादरकर्ता क्रमांक ७७०४.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हेच काम त्या काळी मीही करत होतो. एका शुक्रवारी संध्याकाळच्या आत मी एका अख्ख्या जीनोममधल्या तीन हजार आठशे प्रथिनांना नावं दिली होती. एकही चूक नाही. काळजीने केलेलं काम वेगळं दिसतं.

प्रतिज्ञा: ज्या उजव्या हाताने हे नाव टाइप केलं, तो उजवा हात मी मोडीन.

(हा राग नाही. हा न्याय आहे.)

१२ मार्च

डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. भाषा बर्फासारखी. मूळ नोंद फक्त मूळ सादरकर्ताच बदलू शकतो. त्याचं नाव त्या सांगू शकत नाहीत. माझा निरोप मात्र त्याच्या नोंदवलेल्या ईमेलवर पोचवतील.

पहिलं पत्र पाठवलं. सुरुवात सभ्य ठेवली. महोदय, आपण गाढव आहात.

१९ मार्च

उत्तर नाही. दुसरं पत्र पाठवलं, दुपारी तिसरं. शेपूट घालून बसलाय. अशा माणसांना मी चांगला ओळखतो.

ही हॉस्पिटलात प्लास्टर घालायच्या खोलीत काम करते. हातात हाडं किती, असं तिला विचारलं. सत्तावीस म्हणाली. चौथ्या पत्रात सत्तावीसही नावानिशी घातली, मोडण्याच्या क्रमाने. शास्त्रीय बैठक सोडलेली नाही.

२६ मार्च

जेवताना हिने विचारलं की हा सातहजारवाला मीच तर नाही? मी इतका हसलो की ठसका लागला. मग तिला नीट समजावून सांगितलं की माझ्या कामात आणि त्याच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजावताना एक ताटली फुटली. आपोआप.

हिने केरसुणी माझ्या हातात दिली.

२ एप्रिल, सकाळी

सापडला!

सहाव्या पत्रानंतर बाईंनी कळवलं की व्यक्तीचं नाव गुप्त असलं तरी लॅबचं नाव उघड असतं. आमची जुनी लॅब! तिथे काम करणारे आम्ही दोघंच. त्यातला मी तर मी.

म्हणजे मौनी. अकरा वर्षं तोंडात गुळणी धरून शेजारी बसलाय, आणि आठ महिने माझी फजिती बघतोय.

हात शिवशिवताहेत. पण संकल्प आहे. आधी शांतपणे विचारणार.

२ एप्रिल, दुपारी ३

शांतपणे विचारलं. कॉलर धरून विचारलं, कारण तो उठून जाऊ नये. त्याने मान हलवली, मी त्याला हलवलं. मागे पाण्याचा कूलर होता. कूलर गेला, तो त्याच्यावर गेला, मी दोघांवर. मग मी एक ठोसा मारला. एकच. दुसरा ओल्या फरशीवरून घसरल्यामुळे कूलरला लागला.

त्याचा वरचा ओठ फाटला. दोन टाके.

पाण्यात बसून, तोंडाला रुमाल लावून मौनी आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण बोलला. त्या लॅबमध्ये त्याने कम्प्युटरला कधी बोट लावलेलं नाही, तो तेव्हाही बशाच सांभाळायचा. कम्प्युटर एकच होता आणि त्याच्यापुढे एकच माणूस बसायचा, कोण ते मी आठवून बघावं.

आठवून बघितलं. म्हणजे तिथे कोणीतरी तिसरा होता. चेहरा डोळ्यांपुढे येत नाही.

मॅडम धावत आल्या तेव्हा मौनीने सांगितलं की तो घसरून पडला. माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नसेल? घरी जाताना सारखा त्याचा तो लाल रुमाल आठवत होता. खरंतर रुमाल पांढरा होता. वाईट वाटलं. चालताना दोनदा थांबलो. मग स्वतःला समजावलं की कूलर मुळातच डगमगता होता.

संकल्प: उद्या माफी मागणे.

३ एप्रिल

मौनीला सूज आहे. आज बोलता येणार नाही. माफी सूज उतरल्यावर.

८ एप्रिल, सकाळी ११

सूज उतरली. पण आज सर्व्हर बंद. जुन्या लॅबमधल्या माणसांची यादी त्यातच आहे. तिसरा माणूस हाताशी आलेला असताना सर्व्हर बंद पडणं हा योगायोग नाही. सर्व्हरच्या कपाटापुढे उभा आहे. लोखंडी दार, हिरवा दिवा मिचमिचतोय, मला बघून.

शांत आहे.

९ एप्रिल

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाईट. वाक्यं लहान.

दार चांगल्या लोखंडाचं. उजवा हात. तीन हाडं.

प्लास्टर हिनेच घातलं. कोणाला मारलंस, विचारलं. कपाटाला, म्हणालो. कपाटाचं काय झालं, विचारलं. काही नाही. प्लास्टर जरा जास्तच घट्ट वाटतंय.

सर्व्हर अर्ध्या तासात आपोआप चालू झाला. यादीत दोनच नावं. यादी अपुरी आहे.

१५ एप्रिल

अकरावं पत्र फोनला बोलून लिहिलं. फोनला नीट ऐकू यावं म्हणून ओरडावं लागलं. वरच्या मजल्यावरचे दोघं बघायला आले.

बाईंचं उत्तर तासाभरात. आपल्या सादरकर्त्यांना कोणी अशा धमक्या दिल्या तर त्यांची सुरक्षा ही डेटाबेसची जबाबदारी आहे. अकराही पत्रं त्यांनी आमच्या संस्थेकडे तक्रार म्हणून पाठवली आहेत.

चोर सोडून संन्याशाला! असो. समितीपुढे मी बोलेन. मला बोलायचंच होतं.

२० एप्रिल

ऑफिसातून दोन पाकिटं. पहिल्यात: मी आरोपी, २७ तारखेला समितीपुढे हजर राहावं. अपेक्षितच.

दुसऱ्यात: मी पीडित, त्याच दिवशी, त्याच वेळी. भीती वाटत असल्यास वेगळ्या दाराने यावं, सोबत सुरक्षारक्षक मिळेल.

शेवटी या ऑफिसात एका तरी माणसाला कळलं की या प्रकरणात खरा भरडला गेलाय तो मी! कोण असेल तो? डोळे भरून आले. हिला पाकीट दाखवलं. तिने दोन्ही वाचली, पुन्हा वाचली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं ती एक्स-रेकडे बघते.

संकल्प: २७ला निळा शर्ट. वेगळ्या दाराने जाणार.

२७ एप्रिल, सायंकाळी ६

लिहायचं नव्हतं. लिहितो.

समितीत तिघं. अध्यक्ष ग्रंथपाल बाई. बाजूला मॅडम आणि नोंदी लिहिणारा कारकून. दाराशी बाकावर मौनी, साक्षीदार म्हणून. त्याच्या ओठावर टाक्यांची रेघ.

टेबलापुढे दोन खुर्च्या, मध्ये रक्षक. मी एकीवर बसलो. दुसरी रिकामी. सगळे थांबले. मीही थांबलो, दाराकडे बघत, ७७०४ येतो म्हणून. ग्रंथपाल बाईंनी आरोपी हजर का, विचारलं. हो म्हणालो. मग पीडित हजर का, विचारलं. त्यालाही हो म्हणालो. त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं की मला खरंच अजून कळलेलं नाही का.

मग कागद ठेवले. ज्या ईमेलवर अकरा पत्रं गेली ती जुन्या लॅबने मला दिलेली. मी ती अकरा वर्षांत उघडलेली नाही. खाली मूळ नोंदीचा फॉर्म. शुक्रवार, संध्याकाळी ५.५०. तळाशी माझं नाव. शेऱ्याच्या रकान्यात माझेच शब्द: घाईत आहे, नंतर तपासतो.

खोलीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मला कधी नव्हे एवढी लाज वाटली.

कारकुनाने नोंद मोठ्याने वाचली. धमकी: उजवा हात मोडणे. सद्यस्थिती: मोडलेला. मग त्याने ग्रंथपाल बाईंना विचारलं की हे धमकीत घालू की हल्ल्यात?

ग्रंथपाल बाई म्हणाल्या की पीडिताने माफ केलं तर प्रकरण इथेच मिटतं. फक्त त्याने लिहून द्यायचं की आरोपी मुळात शांत माणूस आहे आणि त्याने दुसऱ्या कोणावर हात उचललेला नाही.

सोपं होतं. हे वाक्य मी वर्षानुवर्षं म्हणत आलोय. पेन डाव्या हातात घेतलं. नजर दाराकडे गेली. मौनी स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मी सही केली असती तरी तो काही बोलला नसता, आणि तेच मला सोसेना.

पेन ठेवलं. सांगितलं की आरोपी शांत माणूस नाही. हा माणूस घसरला नव्हता, मी त्याला मारलं.

३० एप्रिल

निकाल. कंत्राट जूनला संपेल, वाढणार नाही. तोपर्यंत मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून माझी जुनी नावं तपासायची. टेबलावर कम्प्युटर सोडून काही नाही. माउस तारेचा.

मौनीची माफी मागितली. तो ठीक आहे म्हणाला. दोन शब्द. पण माझी बॅग त्यानेच कोपऱ्यात नेऊन ठेवली, कारण मला उचलता येत नव्हती.

घरी हिला सगळं सांगितलं. तिला पाकिटं बघितली तेव्हाच कळलं होतं. मग आधी का बोलली नाहीस, असं विचारलं. २६ मार्चला बोलले होते, म्हणाली.

४ मे, सकाळी १०

सादरकर्ता क्रमांक ७७०४ म्हणून लॉगिन केलं. पासवर्ड बदलायला डेटाबेसच्या बाईंनीच मदत केली. शेजारघातक विष खोडलं. तिथे लिहिलं: साखर वाहून नेणारं, बहुधा. पुराव्याच्या रकान्यात मौनीची बशी. बाकीची ४,२१५ ठिकाणं आपोआप बदलत नाहीत, प्रत्येकाला वेगळं पत्र लिहावं लागेल, असं बाईंनी कळवलं. आणि पत्रं पाठवण्याआधी त्यांना दाखवायची.

माझ्या नावांपैकी एक दुरुस्त झालं. राहिली तीन हजार सातशे नव्व्याण्णव.

दुसरं उघडलं. मी ठेवलेलं नाव: भिंतफोड्या. पुरावा नाही. शेरा: नंतर तपासतो.

मौनीला विचारायला हवं. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलाशी जाईन, अंतर ठेवून उभा राहीन आणि विचारीन.