हात दावला की वळायचं

अप्पा, मला लायसन्स मिळालं. पन्नाशीला आलेली तुमची लेक आता स्कूटरवरून चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाते. कंपनीची बस बंद झाली तेव्हा साहेबांनी स्पष्टच सांगितलं, आपापलं या, नाहीतर घरी बसा. घरी बसून माझं भागणार नव्हतं. डावीकडं वळायची मला कधीच भीती नव्हती. पण उजवीकडं म्हटलं की शिकताना मी गाडी कडेला घेऊन उतरायचे, कारण उजवी वळणं मी घेतली ती तुमच्या पाठीमागं बसून.

आपल्या मोपेडचा इंडिकेटर कधीचाच तुटला होता. तुमचे दोन्ही हात हँडलला, म्हणून इंडिकेटर मी. "मागचं तू बघ, फुडचं मी बघतो," असा तुमचा कायदा. मी मान वळवून बघायचे, उजवा हात लांब करायचे आणि ओरडायचे, "मोकळं हाय अप्पा, वळा!" एकदा शाळेला जाताना रस्त्यापलीकडं मावशी दिसली आणि मी तिला हात केला. मागचा दूधवाला आपण वळणार म्हणून करकचून ब्रेक दाबून थांबला, आणि तुम्ही सरळ निघालात. त्याच्या शिव्या ऐकल्यावर तुम्हाला सगळं कळलं. "हात दावलास न्हवं? मग वळायलाच पायजे," म्हणालात आणि खरंच शेजारच्या गल्लीत गाडी घातलीत. तिथं आपल्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं, आणि पुढं गल्ली बंद. त्या दिवशी उशिरापायी मी वर्गाबाहेर उभी, तुम्ही कारखान्यात मुकादमापुढं उभे. आणि संध्याकाळी आईला ऐटीत सांगताय, "पोरीनं हात दावला, मी शबूद पाळला!"

परीक्षेला इन्स्पेक्टर मैदानावर आखलेल्या चौकाशेजारी उभे होते. म्हणाले, "उजवीकडं घ्या." मी इंडिकेटर लावला, मान वळवून मागं पाहिलं आणि तोंडातून निघूनच गेलं, "मोकळं हाय अप्पा, वळा!" ते दचकून बाजूला झाले. "मी कशाला वळू, बाई? तुम्ही वळा की!" मी वळले. मान वळवून मागं बघणारं कुणी भेटत नाही आता, असं म्हणत त्यांनी मला पास केलं. अप्पा, तेव्हा तुम्ही हवे होतात.

हे पत्र स्कूटरच्या डिकीत ठेवतेय, तुम्ही गेलात तिथं ते कुठला पोस्टमन नेणार? एक मात्र सांगायचं राहिलं. मोठ्या चौकात मी अजून तसंच म्हणते, आणि मग जरा थांबते, तुम्ही वळवाल म्हणून. काल मागचा रिक्षावाला खेकसला, "ओ मावशी, इंडिकेटर लावलाय न्हवं? मग वळा की!"

वळले, अप्पा.