दोघींची सुट्टी

३ मे

आल्या! दोघी भाच्या, दोन बॅगा आणि एक उशी. ताईने खाली टॅक्सी थांबवून ठेवली होती, त्यामुळे वर येऊन टेकलीसुद्धा नाही. "पाच आठवडे फक्त. शाळा सुरू व्हायच्या आत नेतो. तोवर रमव त्यांना."

"कसं रमवू?"

"तुला काय काम असतं रे दिवसभर? दातच ना!"

दातच. एकवीस वर्षं कवळ्या बनवतोय. पुढच्या खोलीत प्लॅस्टर, मेण, पॉलिशचं मशीन आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून आलेले लोकांच्या हिरड्यांचे ठसे. मागच्या खोलीत मी. आता त्याच खोलीत अकरा वर्षांची थोरली आणि सहा वर्षांची धाकटी.

जिन्यात ताई हळूच म्हणाली, "आमचं काय चाललंय ते पोरींना कळता कामा नये." तिचं आणि भावजींचं फाटलंय. वकील, कागद, सगळं सुरू झालंय. पोरींना सांगितलंय की घराला रंग द्यायचाय.

"बरं," म्हटलं.

४ मे

सकाळी अकरापर्यंत माझ्या सगळ्या कल्पना संपल्या. पत्ते काढले — बदामची राणी नाही. बुद्धिबळ काढलं — धाकटीने घोड्यांना गवत घातलं. थोरली खिडकीत बसून होती. "मामा, आमच्यासाठी काही करायला नको. आम्ही नीट बसू." नीट बसू म्हणे! ही काय दवाखान्यातली बाकं आहेत?

अजून चौतीस दिवस.

६ मे

बाग. घसरगुंडी तापून तव्यासारखी. दोन झोक्यांपैकी एक तुटलेला, दुसऱ्यावर एक दांडगट पोरगा बसलेला, उठेचना. धाकटीच्या बुटाची नाडी सुटली, पाय अडकून पडली, गुडघा फुटला. रडत रडत बहिणीपुढे पाय केला. थोरली ढिम्म. "तुझी तू बांध."

"अगं, रडतेय ती!"

"रडू दे. बांधेल."

बांधता आली नाही. शेवटी मी वाकलो. थोरली माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच काही गुन्हा केला. इतक्या लहान वयात इतका दगड कसा झाला हिचा?

९ मे

पत्ते. पत्ते. पत्ते. राणीऐवजी पुठ्ठा.

१२ मे

आज पाऊण तास बरा गेला. धाकटीला मेणाचा गोळा दिला, तर तिने त्याचं तोंड केलं आणि त्यात सुटे दात बसवले. अठ्ठेचाळीस! "हा माणूस खूप खातो, मामा." मी हसलो. थोरलीही हसली — दात दिसले पहिल्यांदा. वरचा एक थोडा तिरका आहे, ताईसारखा.

मग धाकटीला खऱ्या कवळीचं तोंड करायचं होतं. उद्या द्यायची होती ती. एका म्हाताऱ्या मास्तरांची, दोन महिने बिचारे पातळ सूप पिऊन राहिलेत. पडली. वरची बरोबर मधोमध तुटली.

ओरडलो. फार ओरडलो. इतका आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. धाकटी टेबलाखाली. थोरली पुढे आली. "मला ओरड. मी लक्ष द्यायला हवं होतं." ओठ पांढरे पडले होते, पण जागची हलली नाही. मुलं अशी कधी उभी राहतात? ज्यांना सवय असते तीच.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून असं कधी होत नाही." हो ना. माझ्याकडून काहीच होत नाही.

१३ मे

दिवसभर कवळी. पोरी मागच्या खोलीत चिडीचूप. हेच तर हवं होतं मला. मग दर दहा मिनिटांनी त्यांच्या दाराशी का जातोय मी?

१७ मे

ताईचा फोन. पोरींना दूध आणायला खाली पाठवलं.

"ठरलं एकदाचं. थोरली माझ्याकडे. धाकटी त्यांच्याकडे."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे आठवड्यातून—"

"म्हणजे राहायलाच. त्यांची तिकडे बदली झालीय. आगगाडीने नऊ तास. सुट्टीत भेटतील दोघी."

"ताई, वाटून घेतलंत?"

"वाटून काय म्हणतोस! भांडी आहेत का?"

"मग काय म्हणू?"

मग तिचा आवाज चिरकला. "तुला काय कळणार? तुझं आहे का कुणी? दोघींना एकटी कशी सांभाळू मी? आणि तेही दोघींना सोडायला तयार नाहीत. एक तर एक. भांडून भांडून मी मेलेय रे."

"बरं," म्हटलं.

बरं! बापाने शाळेतून काढलं तेव्हा बरं. लग्न जमता जमता मोडलं तेव्हा बरं. माझ्या तोंडात देवाने दुसरा शब्दच बसवला नाही.

दूध आलं. धाकटीने अर्धं जिन्यात सांडलं होतं. मी फडका घेऊन जिना पुसला.

१८ मे

म्हणजे ही यांची शेवटची सुट्टी. एकत्र अशी शेवटची. आणि ती माझ्या हातात — प्लॅस्टरच्या धुळीत, राणी नसलेल्या पत्त्यांत! नाही. काहीतरी करायचंच. मोठं. जन्मभर लक्षात राहील असं.

१९ मे

पोहायला न्यायचं ठरवलं. दोन बस बदलून गेलो. तलाव दुरुस्तीसाठी बंद. तळाशी एक माणूस झाडू मारत होता. धाकटी जाळीला नाक लावून बघत राहिली. "पाणी कुठे गेलं?"

परतीच्या बसमध्ये तिला उलटी झाली. माझ्या चपलेवर. थोरलीने पिशवीतून फडका काढला आणि बहिणीच्या हातात दिला. "तोंड पूस. पाठ टेकव. खिडकीतून लांबचं बघ, जवळचं नाही." अगदी नर्ससारखं. स्वतः मात्र तिला हातसुद्धा लावला नाही.

लक्षात राहील खरं.

२३ मे

तळ्यावर नाव. अर्ध्या तासाची फेरी होती, दहाव्या मिनिटाला वल्हं निसटलं. नाववाला लांबून शिव्या देत आला. थोरली म्हणाली, "मामा, खरंच, काही करायला नको."

२४ मे

काही केलं नाही. तेही जमलं नाही नीट.

२८ मे

केसांवरून महाभारत. धाकटीला वेणी घालून हवी, थोरली कंगवा तिच्याच हातात देते आणि आरशासमोर उभी करते. तीन पेड, एकावर एक. परत. परत. पोरीचे हात दुखून खाली पडले, नाक गळायला लागलं. माझं डोकं फिरलं. कंगवा हिसकावला. "मी घालतो! एवढीशी आहे ती. तुला जरा माया नाही का गं?"

मला कसली वेणी येतेय! गाठी झाल्या नुसत्या. पण थोरलीचा चेहरा — तोंडात मारल्यासारखा. "तू घालू नकोस ना, मामा. तिला येऊ दे." एवढंच म्हणाली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. पाठ माझ्याकडे.

मी पोरांत पडायलाच नको होतं. कवळीला निदान मन नसतं.

२ जून

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

दुपारी पॉलिशचं मशीन बंद पडलं, म्हणून घर शांत झालं. मागच्या खोलीतून दोघींचा आवाज येत होता. वाटलं, खेळतायत. चला, बरं झालं! दाराशी गेलो आणि तिथेच थांबलो. प्रश्नोत्तरांचा खेळ चालला होता. थोरली मास्तरीण.

"ताप आला तर?"

"पप्पांना सांगायचं."

"पप्पा झोपले असतील तर?"

"उठवायचं. लाजायचं नाही."

"डबा कुणी भरायचा?"

"मीच. ब्रेड, आणि उकडलेलं अंडं रात्रीच सोलून ठेवायचं."

"शाब्बास. आता अंधाराची भीती वाटली तर?"

"तर तुला हाक मारायची!"

"नाही. चूक. परत सांग."

"तुला हाक—"

"चूक. परत."

धाकटी हसायला लागली. तिला वाटलं, गंमत आहे. थोरली हसली नाही. तिने बहिणीच्या कपाळावरचे केस मागे केले — किती दिवसांनी हात लावला तिने तिला! — आणि पुन्हा म्हणाली, "परत सांग ना गं."

नाडी. वेणी. बसमधला फडका. मी काय काय लिहिलंय हिच्याबद्दल या वहीत. मागची पानं उघडायची हिंमत होत नाही.

संध्याकाळी धाकटीला चित्र काढायला बसवलं आणि थोरलीला गॅलरीत गाठलं.

"तुला माहितीय?"

मान हलली.

"कधीपासून?"

"इथे यायच्या आधीपासून. आमच्याकडे भिंती पातळ आहेत."

"आणि तिला?"

"तिला खेळ वाटतो. तसंच ठेव ना, मामा." मग माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघत म्हणाली, "आईला सांगू नकोस हं, मला कळलंय म्हणून. तिला खूप वाईट वाटेल."

अकरा वर्षं! मी चव्वेचाळीस. "बिस्किट खाणार?" असं विचारलं मी. देवा!

३ जून

भावजींना फोन लावला. सगळं पाठ करून लावला होता, कागदावर मुद्दे काढले होते.

"बोला," ते म्हणाले. मागे गाड्यांचा गोंगाट.

"भावजी, जरा बोलायचं होतं... पोरींचं..."

"आजारी आहे का कुणी?"

"नाही, नाही. तुम्ही सात तारखेला किती वाजता पोचताय?"

"दहाच्या सुमारास. तुमची ताई आठ तारखेला येईल म्हणालीय, थोरलीला न्यायला. समोरासमोर नको."

"बरं."

कागद फाडून टाकला.

५ जून

कपडे दोन ढिगांत. थोरलीनेच लावले. कोणता फ्रॉक कुणाचा यावर एकदाही भांडण नाही — भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. धाकटीने विचारलं, "दोन ढीग का?"

"म्हणजे शोधायला सोपं."

तिचे मोजे जोडीजोडीने गुंडाळले. एक जोडी स्वतःच्या बॅगेत टाकली. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिनेही पाहिलं.

६ जून

उद्या. धाकटीला आज सांगितलं, पप्पा न्यायला येतायत. नाचली! मग थांबली. "दीदी?" थोरली म्हणाली, "मी नंतर." नंतर म्हणजे कधी हे तिने विचारलं नाही. नंतर हा शब्द मुलांना पुरतो काही दिवस.

पाच आठवडे रमव म्हणाली होती ताई. एक दिवसही जमलं नाही. जी काही करमणूक झाली ती थोरलीने केली, छातीवर दगड ठेवून. मी काय केलं? बसची तिकिटं काढली.

आणि करणार तरी काय? मी कोण? आई नाही, बाप नाही, वकील नाही. मामा. उद्या दार उघडायचं, बॅग उचलून द्यायची, जिन्यातून हात हलवायचा. तेवढं तरी नीट जमावं.

७ जून

बेल वाजली. दहाला पाच कमी. मी दाराशी गेलो, कडीला हात लावला. काढली नाही.

"भावजी, न्यायच्या तर दोघींना एकदम न्या. तुम्ही न्या, नाहीतर ताई नेऊ दे. एकेक करून मी देणार नाही. तोवर इथे राहतील." कोण बोललं? मीच!

ते दार बडवत राहिले, काय वाटेल ते बोलले. मग जिन्यात बसून ताईला फोन. ते ओरडले, तीही ओरडली असणार. मी आतून सांगितलं, "भावजी, थोरलीला सगळं माहितीय. पहिल्यापासून." मग ओरडणं थांबलं. फोनवर ते ताईला हळू काहीतरी सांगत राहिले. शेवटी अगदी दाराजवळून, वेगळ्याच आवाजात, "राहू देत. तुमची ताई पण तेच म्हणतेय. दोघींना इथेच राहू देत."

मी कडी काढली. थोरली भिंतीला टेकून उभी होती. तशीच घसरत खाली बसली आणि भोकाड पसरून रडली. लहान मुलीसारखी. बाप तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

धाकटी एकदा बहिणीकडे, एकदा बापाकडे बघत राहिली. मग माझा शर्ट ओढला. "मामा, सुट्टी संपली का?"

"संपली," म्हटलं. "उद्या इथली शाळा बघून येऊ."