पाखरांसाठी ताणलेली टेप

बाबा,

हे पत्र मी तुमाले देणार नाही.

घशाचं ऑपरेशन होऊन तुमचा आवाज गेला, तवापासून तुमी पाटीवर बोलता. काल लिहिलं, "कामिनीची कॅसेट आण. एकदा माहा आवाज आयकू दे."

सक्करदऱ्याच्या आपल्या दुकानात तुमी कॅसेटीत गाणे भरून देत, तवा लग्नाच्या सीझनमधी रांग लागे. दर कॅसेटीच्या सुरवातीले गिऱ्हाइकाचं नाव घेऊन तुमी स्वतः नमस्कार म्हणत. मंग सीडी आली, मोबाइल आला, अन् तुमी रिकाम्या दुकानात तंबाखू-सुपारीचा खर्रा चावत बसले. लोकाईनं कॅसेटा फेकल्या. कामिनीताईच्या लग्नात तुमी देलेली तेवढी उरली होती.

आज ताईच्या घरी कुहीले गेली. कॅसेट मागितली, त जिजाजीनं वावराकडे बोट दाखवलं. धानावर पाखरं बसू नये म्हणून काठ्याकाठ्याईले टेपचे तुकडे ताणले होते.

"दुकान उठवलं तवा बाबांनीच पोतंभर कॅसेटा देल्या," जिजाजी म्हणे. "म्हणे, न्या, पाखरं तरी आयकतीन. यंदा पोतं सरलं, मंग कपाटातली घेतली."

"अवं, मले इचारलं बी नाही यायनं," ताई रडून राहिली होती.

वाऱ्यानं टेप गुणगुणत होती. बोट फिरवलं, त तपकिरी पूड बोटाले लागली. हात धुवावासा नाही वाटला.

उद्या मी सांगीन, कॅसेट सापडली, टेपरेकॉर्डर दुरुस्तीले टाकला. तुमी पाटी पुसून लिहाल, "कवा?"

अन् मी म्हणीन, येत्या हप्त्यात.

तुमची,
मिनल