वॉटरलाइनखालचं भोक

८ सप्टेंबर
कचऱ्याच्या खोलीतून चित्र उचलून आणलं! वरच्या मजल्यावरचा गोरा साहेब कायमचा आपल्या देशात गेला. जाताना अर्धं घर खाली टाकून गेला. खुर्च्या, मिक्सर लोकांनी आधीच पळवले. माझ्या वाट्याला हे आलं. सफाईवाला मुश्ताक म्हणाला, "ले जाओ दीदी, खलास, कोई पूछनेवाला नहीं." त्यानेच लिफ्टमध्ये चढवलं. फ्रेम काय जड! खरं लाकूड. मला फ्रेमच पाहिजे होती, गणपतीचा मोठा फोटो बसेल.

चित्रात खवळलेला समुद्र आणि तीन लढाईच्या बोटी. तोफाच तोफा, वर नुसता धूर. पुढच्या बोटीवर चित्राच्या कापडालाच भोक पडलंय, कोणीतरी काहीतरी खुपसलेलं.

पितृपक्षात घरात नवीन वस्तू आणत नाहीत. पण ही कुठे नवीन आहे?

आमच्या ह्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. जूनपासून असंच. इथल्या आखातातलं उम्म अल कुवैनचं बोटींचं यार्ड बंद पडलं. जन्मभर बोटी दुरुस्त केलेला, रंगवलेला माणूस घरी बसला तो बसलाच. बाल्कनीकडे तोंड. जेवा म्हटलं की जेवतात. बोलणं बंद.

९ सप्टेंबर
अस्मीने परत तेच काढलं. "मम्मा, बाबा नीड्स पीपल अराउंड हिम. दापोलीला काकांकडे पाठवू. वन-वे काढते, मग बघू." मी म्हटलं, बाप आहे तुझा, पार्सल आहे का? तर म्हणते, "देन यू टेल मी व्हॉट टू डू!" मला काय माहीत! पोरगी वाईट नाही. घर तिचं, आमचा व्हिसा तिच्या नावावर, दिवसभर राबते. पण हे असे गेले तर परत येणार नाहीत. मला कळतं ते.

११ सप्टेंबर
बोलले!!

मी फ्रेमचे खिळे उपटत होते. मागून आवाज — "भोक वॉटरलाइनच्या खाली आहे. पाणी आत शिरणार. बुडणार ही."

पक्कड पायावर पडली माझ्या. म्हटलं, "मग बुडू देताय की काय?" त्यांनी खुर्ची चित्राकडे फिरवली.

गणपतीला सांगितलं, थांब जरा.

१५ सप्टेंबर
चित्र जेवणाच्या टेबलावर. आम्ही खाली बसून जेवतो. ह्यांनी मागून कापड चिकटवलं, पुढून लांबी भरून घासली. यार्डात बोटीचं भोक बुजवायचे तसंच. अस्मी ऑफिसातून येताना तेलरंगांच्या ट्यूब घेऊन आली. फोनवर शोधून म्हणाली, "ब्रिटिश बॅटलशिप्स, मम्मा. शंभरेक वर्षांपूर्वीच्या." असतील. मला त्याचं काय! माणूस खुर्चीतून उठला ना!

२० सप्टेंबर
करडा रंग जमेना. लावतात, पुसतात. "हा करडा नाही, धुरकट आहे." मला दोन्ही एकच दिसतात. तसं तोंडावर सांगितलं. हसले नाहीत.

२६ सप्टेंबर
आज ब्रशला हात नाही. परत बाल्कनी. अस्मीने फोनवर तिकिटं दाखवली. मी भांडी घासायला घेतली.

२ ऑक्टोबर, दसरा
काय झालं ते नीट लिहिते.

दोन दिवसांनी आपणच परत ब्रश उचलला आणि काल सगळं उरकलं होतं त्यांनी. बोट अख्खी, खाली नवीन पाणी, फेस. भोक कुठे होतं ते शोधून सापडत नाही! मी सकाळी पूजा केली. गॅस, फ्रिज, अस्मीचा लॅपटॉप, ह्यांचे ब्रश, सगळ्यांना हळदकुंकू. मग चित्र दिसलं. लढाईच्या बोटी, तोफा — शस्त्रंच की! ओल्या बोटाने तिन्ही बोटींना कुंकू लावलं, वरून अक्षता टाकल्या.

तेलरंग इतके दिवस ओला राहतो हे मला कोणी सांगितलं होतं?

"उर्मिलाऽ! अक्कल आहे का! समुद्रात तांदूळ कोणी टाकले!"

काय तो आवाज! आमच्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या चार बिल्डिंगांना ऐकू गेला असेल. अस्मी खोलीतून धावत आली. "बाबा, काम डाऊन!" मी तिचा हात दाबला. गप म्हटलं, ओरडू दे. उभी राहून सगळं ऐकून घेतलं. एरवी एक शब्द खाली पडू दिला नसता मी. आज वाटलं, अजून दोन शिव्या द्या हो!

मग दुपारभर दोघं टाचणीने तांदूळ काढत बसलो. "इथे अजून एक आहे. चष्मा लाव तुझा." "लावलाय!" "मग डोळे लाव." ह्या माणसाने मला टोमणा मारला!

श्रीखंड दोनदा घेतलं. मागून.

४ ऑक्टोबर
लाटा परत रंगवतायत. आधीपेक्षा उंच. कुंकवाचा रंग मिसळून गेलाय, म्हणे आता सकाळचं ऊन पडल्यासारखं दिसतं. मी म्हटलं, बघा, माझाही हात लागला. "तू हात लावू नकोस!"

११ ऑक्टोबर
रात्री जेवताना अस्मीने हळूच विचारलं, "सो... बाबांचं तिकीट काढू?" मी तोंड उघडायच्या आत हेच बोलले — "दोघांचं काढ. जायचं-यायचं. आणि यायची तारीख लांबवू नकोस, रंग सुकला की व्हार्निश मारायचंय."