राम पुसायचा कुणी?

९ जानेवारी १९६१, ईट
आजही दुसरीच्या वर्गात आवाज फुटला नाही. पोरं गोंगाट करत राहिली. हेडमास्तर दारात येऊन म्हणाले, "बाई, आवाज सोनारीलाच ठेवून आलात का?" पोरं हसली. मीही हसले, काय करणार.
घराण्यात शाळा बघितलेली मी पहिली. तिकडं सोनारीला, माझ्या गावी, अण्णा गावभर सांगतात, "आमची लेक मास्तरीण झाली." आणि घंटा वाजली की लेक वर्गाच्या दारात खडू मोजत उभी. हे काम मला जमणारच नसेल तर? मग काय जमेल?

१२ जानेवारी
ग्रामसेविकाबाई महिनाभर माहेरी गेल्या. बायकांना लिहायवाचायला शिकवायचा त्यांचा वर्ग माझ्या गळ्यात. रोज संध्याकाळी, चावडीमागच्या खोलीत. हेडमास्तर: "बायकांसमोर तरी बोलाल." हो म्हटलं. मला नाही म्हणता येत नाही, हे दुसरं दुखणं.

१६ जानेवारी
कुणी शेतातून थेट येते, कुणाच्या काखेत पोर. सगुणाबाई सर्वांत हुशार. भराभर वाचते, पण 'राम आंबा खा' आलं की गप्प. "र ला काना, रा. पुढं?" मान खाली. बाकीच्या पदराआड हसतात. माझंच शिकवणं कमी पडतंय, दुसरं काय.

१८ जानेवारी
आज पुन्हा तेच विचारत बसले. शेवटी म्हातारी कोंडाआजी कडाडली, "अवं बाई, किती छळताव तिला? मालकाचं नाव हाय तिच्या!"
खोली हसून लोळली. मी कशी विसरले? अण्णांचं नाव मारुती, तर आई अजून शनिवारी 'शेपटीच्या देवाला' तेल घालते. हजेरीपटात बायकांचीच नावं, मालकांची नाहीत, म्हणून... असो. माफी मागितली.
सगुणाबाई म्हणाली, "माफी कशाची? पर तोंडानं न्हाय घ्यायचं. लिवलं तर चालतंय का?"
ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कोंडाआजीनं निवाडा केला, "लिवल्यालं कानाला कुठं ऐकू येतंय?"
सगुणाबाईनं लिहिलं. राम. बराच वेळ बघत बसली. मग, "दोनच अक्षरं व्हय? आन् म्या एवढं भीत व्हते!"
घरी येताना लक्षात आलं, आज मी मोठ्यानं बोलत होते.

२० जानेवारी
नवी पंचाईत. लिहिलेलं पुसायचं कुणी? मालकाचं नाव आपल्या हातानं पुसायचं म्हणजे... नको ते. सगुणाबाई परवा पाटी तशीच घरी घेऊन गेली. काल आणखी तिघी. वर्गात पाट्या चारच, आज एकही नाही.
"तुमी पुसा की बाई," कोंडाआजी म्हणाली. "तुमचं लगीन कुठं झालंय? तुमाला काय लागतंय?"
पाट्या परत मागवल्या. राम, दत्तू, शिवराम, भगवान. ओलं फडकं घेऊन एकेकाला पुसलं. बायका भिंतीकडं तोंड करून बसल्या. उद्या यातल्या एखाद्याला ताप आला तर? माझ्याच माथी.

२३ जानेवारी
कुणालाही ताप नाही. विचारून आले.
सगुणाबाईचे मालक संध्याकाळी दारात. "आमचं नाव लिवती म्हणं ही. ह्यातला म्या कुठला?" पाटी दाखवली. उलटीसुलटी करून बघितली, लाजले, गेले.

६ फेब्रुवारी
शाळेत दारात खडू मोजणं तसंच. संध्याकाळी नाही. का, ते कळत नाही. तिथं मला पुढचं आपोआप सुचतं. आज विहिरीवर घागर भरून वाहिली, तरी मी पोहरा ओततच होते. मी जिच्याकडं राहते ती मावशी म्हणाली, "कुणाच्या इचारात गं?" खरं सांगितलं असतं तर पटलं नसतं. 'ळ' कसा शिकवायचा, याच्या.

१५ फेब्रुवारी
ग्रामसेविकाबाई उद्या परत येणार, वर्ग त्यांचा त्यांना. सकाळपासून रडू कोंडलेलं. त्यातच भूमहून तालुक्याचे साहेब आले. वर्ग बघितला. म्हणाले, तालुक्यात गावोगाव असे वर्ग सुरू करायचेत, बाई हवी. एसटीनं फिरायचं. शाळेची पक्की नोकरी सोडावी लागेल, ही नवी वर्षभराचीच.
त्यांचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हणाले. मग घाबरले. घाबरूनही बरं वाटत होतं.
साहेब: "वडिलांना विचारून कळवा."

१९ फेब्रुवारी, सोनारी
अण्णा भडकले. "पक्की नोकरी सोडून गावोगाव हिंडायचं? एकलीनं? लोकं काय म्हणतील?"
मी बोलत सुटले. शाळेतले खडू, बायका, पाट्या, पुसणं, सगळं. म्हणाले, "अण्णा, तुम्ही मला नोकरीसाठी शिकवलंत. पण मला येतं ते हे." आवाज चढला होता माझा. आई चुलीपाशी थिजली.
अण्णा बघतच राहिले. "एवढी कधी बोलली न्हाईस." उठून शेरडांकडं गेले.
जेवताना अण्णा एकदम, "त्या गावांची यष्टी सांजंला माघारी येती का?"
"ठाऊक नाही."
"मग इचार आधी."
आईनं माझ्याकडं बघितलं नाही, पण ताटात आणखी भाजी वाढली. उद्या परत जाताना भूमच्या स्टँडवर विचारायचं. महिनाभरात प्रथमच भूक लागली. अर्धी भाकरी मागून घेतली.